धातूच्या छोट्या मॉडेलमधील टॅब वारंवार तुटतात: कारणे, निदान आणि उपाय

सपाट पत्र्यातून भाग कापायचे, त्यांना आकार द्यायचा, त्यांच्या कडेच्या टॅब, म्हणजे बारीक जिभा, समोरच्या खाचेत ओवायच्या आणि मागून वाकवून पक्क्या करायच्या, या पद्धतीने धातूची छोटी मॉडेल जुळवणाऱ्यांना एक अडचण पुन्हापुन्हा येते. भाग नीट बसलेला असतो, एकच टॅब वाकवायची राहिलेली असते आणि नेमकी तीच मुळापासून तुटून हातात येते. एखाद्या संचात असे एकदा झाले तर ते सोडून देता येते, पण प्रत्येक मॉडेलमध्ये दोनचार टॅब जाऊ लागल्या की पत्राच हलका आहे किंवा आपला हातच जड आहे, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष बहुतांश वेळा चुकीचे असतात. टॅब शेवटच्या वाकवण्याने तुटत नाही. त्या क्षणापर्यंत ती आपल्या नकळत किती वेळा वाकलेली आणि पुन्हा सरळ झालेली होती, त्यावर तिचे तुटणे ठरते. म्हणून उपायही शेवटच्या पायरीत शोधून सापडत नाही. त्याची सुरुवात पत्र्याच्या चौकटीतून भाग कापण्यापासूनच करावी लागते.

धातूच्या आत काय होते

या मॉडेलचा पत्रा साधारणपणे ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो. मेटल अर्थ या ब्रँडचे संच प्रामुख्याने स्टीलचे असतात, तर पीसकूल या ब्रँडच्या अनेक संचांत पितळी पत्रा वापरलेला असतो. अशा बारीक कामासाठी पत्रा रसायनाने कोरण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवतात, त्यावर नकाशा उमटवतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात विरघळवतात. दोन्ही बाजूंनी कोरले की आरपार खाच तयार होते आणि एकाच बाजूने कोरले की जाडीचा काही भाग शिल्लक राहून खोबण तयार होते. घडीच्या रेषा म्हणजे अशाच अर्धवट कोरलेल्या खोबणी असतात. तिथे धातू मूळ जाडीपेक्षा पातळ असतो, हे पुढे महत्त्वाचे ठरते.

पत्रा वाकवताना बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दाबला जातो. हा ताण किती, याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो: पत्र्याच्या जाडीला, वाकाच्या आतल्या त्रिज्येची दुप्पट अधिक जाडी, एवढ्याने भागायचे. पत्रा ०.२ मिलिमीटरचा आणि वाकाची आतली त्रिज्याही ०.२ मिलिमीटर असेल, तर बाहेरचा थर सुमारे ३३ टक्के ताणला जातो. त्रिज्या दुप्पट केली, म्हणजे ०.४ मिलिमीटर ठेवली, की हाच ताण २० टक्क्यांवर येतो. याउलट तोच पत्रा १० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यासाठी गोलाकार वळवला, तर ताण जेमतेम २ टक्के असतो. या तीन आकड्यांमध्येच पुढच्या बहुतेक उपायांचे मूळ आहे. भागाची गोलाई कमीजास्त करून पाहणे धातूला सहज झेपते. टॅब वाकवून सरळ करणे मात्र त्याला फार महागात पडते.

यात भर पडते ती धातूच्या कडक होण्याची. थंड अवस्थेत वाकवलेला धातू त्या जागी आधीपेक्षा कडक होतो, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये हा परिणाम विशेष ठळक असतो. एकदा वाकवलेली टॅब सरळ केली तर ती दिसायला पूर्ववत होते, पण मुळाशी तिच्यात ताणाचे दोन फेरे झालेले असतात. ती पुन्हा वाकवली की तिसरा फेरा होतो आणि बाहेरच्या कडेला डोळ्यांना न दिसणारी भेग पडू लागते. बारीक तार हाताने तोडायची असली की आपण ती खालीवर वाकवत राहतो. टॅबच्या बाबतीत तेच काम आपण अभावितपणे करत असतो.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. टॅब आधी थोडी कलवली, नंतर आणखी कलवली आणि शेवटी काटकोनात आणली, तर एकाच दिशेने होत गेलेला तो एकच वाक आहे. काटकोनात आणलेली टॅब सरळ करून पुन्हा काटकोनात आणली, तर मात्र तीन वाक झाले. टप्प्याटप्प्याने वाकवण्यात काहीच धोका नाही. धोका दिशा उलटवण्यात आहे.

आपल्या संचातील धातू किती उलटफेर सोसतो, हे पाहण्यासाठी कोणत्याही तक्त्याची गरज नाही. भाग काढून झाल्यावर उरलेली चौकट त्याच पत्र्याची आणि त्याच जाडीची असते. तिच्यातून साधारण १ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापावी, ती सपाट जबड्याच्या पक्कडीत धरून काटकोनात वाकवावी, सरळ करावी आणि ती तुटेपर्यंत फेरे मोजावेत. एक पट्टी चौकटीच्या आडव्या बाजूची आणि एक उभ्या बाजूची घेतली तर आणखी एक गोष्ट कळू शकते. पत्रा कारखान्यात लाटला जातो तेव्हा त्याला एक दिशा येते, आणि वाकाची रेषा त्या दिशेला समांतर असेल तर धातूला तडा लवकर जातो. एका दिशेची पट्टी स्पष्टपणे लवकर तुटत असेल, तर त्या दिशेने वाकणाऱ्या सगळ्या टॅब अधिक जपून हाताळायच्या आहेत, हे मॉडेल सुरू करण्याआधीच समजते. ही चाचणी मी प्रत्येक नव्या संचासाठी आवश्यक मानतो, कारण तिला वेळ थोडा लागतो आणि तुटण्यापूर्वी धातू हाताला कसा लागतो याची जाण तिच्यातून येते.

तुटलेली जागा पाहून निदान

टॅब तुटली की लगेच गोंद शोधण्याआधी तुटलेली जागा भिंगाखाली पाहावी. टॅब पृष्ठभागाशी अगदी सपाट, सरळ रेषेत तुटली असेल, तर कारण बहुधा उलटफेर हेच असते, किंवा टॅब मुळाशी दाबून पूर्ण चपटी केल्यामुळे वाकाची त्रिज्या जवळपास शून्य झालेली असते. तुटलेल्या कडेजवळ पक्कडीच्या दातांचे बारीक ओरखडे दिसत असतील, तर दोष हत्याराचा आहे. खरखरीत जबडा मऊ पत्र्यावर खाचा पाडतो आणि पुढचा ताण त्या खाचेतच एकवटतो. अशा कामाला आतून गुळगुळीत, सपाट जबड्याचीच पक्कड घ्यावी, हा नियम मी कोणत्याही मॉडेलसाठी शिथिल करणार नाही.

तुटलेली कड तिरकी आणि किंचित पिळलेली असेल, तर टॅब जरुरीपेक्षा जास्त पिळली गेली. टॅब शाबूत असून खाच आणि भागाची कड यांमधली अरुंद पट्टी फाटली असेल, तर टॅब खाचेत तिरकी शिरून आडवा जोर आलेला असतो. आणि टॅब सोडून घडीची रेषाच उकलली असेल, तर पातळ खोबणीवर घडी एकाहून अधिक वेळा उघडझाप झालेली असते. बहुतेक संचांत खोबण घडीच्या आतल्या बाजूला येईल अशी रचना असते. सूचनापत्रात स्पष्टपणे उलट दाखवले नसेल तर हीच दिशा धरावी, कारण खोबण बाहेर ठेवून केलेली घडी पातळ धातूला थेट ताणते.

तुटलेल्या टॅब कोणत्या जागी होत्या, हे दोनतीन मॉडेलपुरते लिहून ठेवले तर आपला नेमका दोष सापडतो. सगळ्या गोल भागांवरच तुटत असतील तर अडचण गोलाई देण्याच्या पद्धतीत आहे. सपाट भागांवर तुटत असतील तर ती कापण्यात किंवा खाच न तपासण्यात आहे.

टॅब नकळत कुठे वाकते

पहिली जागा म्हणजे चौकट. भाग चौकटीला बारीक दुव्यांनी जोडलेला असतो, आणि हे दुवे कधीकधी टॅबच्या अगदी शेजारी किंवा टॅबवरच असतात. भाग मागेपुढे हलवून तोडून काढण्याची सवय येथे फार घातक ठरते, कारण दुव्यासोबत टॅबही हलते आणि तिचे एकदोन फेरे जुळणी सुरू होण्याआधीच खर्च होतात. प्रत्येक दुवा टोकदार फ्लश कटरने कापावा, कटरची सपाट बाजू भागाकडे ठेवावी आणि शेवटचा दुवा कापताना भागाला खालून बोटाचा आधार द्यावा, म्हणजे तो एका दुव्यावर लोंबत राहणार नाही. कापलेले बारीक तुकडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

दुवा कापल्यावर राहिलेला खुंट दिसायला नगण्य असतो, पण टॅब तुटण्याच्या साखळीत त्याचा वाटा मोठा आहे. खुंट कडेवर राहिला की दोन भाग एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत आणि मधे बारीक फट राहते. त्यामुळे टॅब मागच्या बाजूला जेवढी बाहेर यायला हवी तेवढी येत नाही. आखूड टॅब पक्कडीत नीट धरता येत नाही, म्हणून ती अगदी टोकाला धरून ओढली जाते, जोर तिरका लागतो आणि वाक मुळाशी न पडता मध्येच कुठेतरी पडतो. मग तो सरळ करावा लागतो. हे सारे टाळण्यासाठी खुंट बारीक हिऱ्याच्या कानशीने घासावा. कानस कडेच्या लांबीच्या दिशेने चालवावी. आडवी चालवली तर ती टॅबला अडकून तिलाच वाकवते.

दुसरी जागा खाचेची. कोरलेल्या खाचेची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या आसपासच ठेवलेली असते, म्हणून टॅब आत शिरायला मोकळीक फारच थोडी असते. रंगीत पत्र्यांत रंगाचा थर खाचेच्या कडांवर चढलेला असू शकतो आणि तेवढ्यानेही टॅब अडते. अडलेली टॅब ढकलली की ती स्वतःच्या मुळाशी मुडपते; तिला सरळ करून पुन्हा ढकलले की ती पुन्हा मुडपते. टॅबने खाच तपासण्याऐवजी चौकटीतून कापलेल्या पट्टीने आधी प्रत्येक खाच तपासावी. पट्टी सहज गेली नाही तर पातळ पाते किंवा सुई खाचेतून अलगद फिरवून कडा मोकळ्या कराव्यात. खाच रुंद करायची नाही, फक्त मोकळी करायची आहे, कारण रुंद खाचेत टॅब सैल राहते आणि ती घट्ट करण्याच्या नादात जास्त पिळली जाते.

तिसरी जागा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ती गोल भागांची. नळकांडे किंवा कमान यांचा भाग वळवताना मधला पट्टा सहज गोल होतो, पण दोन्ही टोकांची काही मिलिमीटर लांबी सपाटच राहते, कारण तिथे पलीकडून दाब द्यायला धातूच उरत नाही. टॅब नेमक्या या सपाट टोकांवर असतात. भाग मिटवताना टोके एकमेकांना गोलाईत भेटण्याऐवजी कोनात भेटतात, टॅब खाचेसमोर तिरकी येते आणि ती आत घालण्यासाठी टॅबलाच वाकवले जाते. त्यानंतर भाग सुटला की स्टीलच्या उसळीने टोके पुन्हा फाकतात आणि तो सगळा जोर एका टॅबवर येतो. अशी टॅब शेवटी पक्की करताना तुटली, तर त्यात नवल काहीच नाही.

यावर उपाय असा की वळवण्याची सुरुवात मध्यापासून न करता टोकांपासून करावी. भाग थोड्या मऊ, दबणाऱ्या पृष्ठभागावर, उदाहरणार्थ जाड रबराच्या चटईवर ठेवावा आणि टोकावर ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा आडवा ठेवून दाबत फिरवावा, म्हणजे टोक खाली दबून वळते. दोन्ही टोके हव्या त्या गोलाईला आली की मग मधला भाग वळवावा. स्टील दाब सुटताच थोडे उघडते, त्यामुळे दांडा हव्या असलेल्या व्यासापेक्षा लहान घ्यावा. किती लहान, हे धातू आणि जाडी यांवर ठरते, म्हणून एक माप लहान घेऊन पाहावे आणि गरज पडल्यास आणखी खाली यावे. पितळ सहसा कमी उसळते, त्यामुळे त्याला फरक थोडा पुरतो. गोलाई जास्त झाली तर ती बोटांनी थोडी उघडता येते. सुरुवातीला सांगितलेला २ टक्क्यांचा हिशेब येथे उपयोगी पडतो: या मोठ्या त्रिज्येवर केलेली दुरुस्ती धातूला जाणवतही नाही, तर टॅबच्या मुळाशी केलेली प्रत्येक दुरुस्ती तिचे आयुष्य घटवते. जी काही सुधारणा करायची ती भागाच्या गोलाईत करावी, टॅबमध्ये नाही.

गोल भाग तयार झाला की नाही, याची कसोटी एकच. भाग हातातून सोडून टेबलावर ठेवला असता टोके आपोआप जवळ राहिली पाहिजेत आणि टॅब खाचेसमोर स्वतःहून आली पाहिजे. तशी ती येत नसेल तर पुढे जाऊ नये. शंकूच्या आकाराच्या भागांना हेच लागू आहे. तिथे फक्त अरुंद टोकाला लहान दांडा आणि रुंद टोकाला मोठा दांडा वापरावा लागतो.

चौथी जागा हातात नसून क्रमात असते. टॅब उघडाव्या लागण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे भाग उलटा बसणे. समोरची आणि मागची बाजू जवळपास सारखी असते, डावा आणि उजवा भाग एकमेकांचे प्रतिबिंब असतात, आणि पत्र्यातून सुटल्यावर त्यांची ओळख पटत नाही. कापण्याआधी संपूर्ण पत्र्याची छायाप्रत काढून ठेवावी आणि कापलेला प्रत्येक भाग त्या प्रतीवर त्याच्याच चित्रावर ठेवावा. अवघड वळणांचा भाग असेल तर ती प्रत कापून कागदाचीच तालीम करावी. कागद कितीही वेळा उघडला तरी चालतो. सूचनापत्र निदान पुढच्या तीन पायऱ्यांपर्यंत आधी वाचावे आणि प्रत्येक टॅबबद्दल विचारावे की तिचे टोक कोणत्या बाजूला बाहेर येणार आहे, तिथे चिमटा पोहोचेल का, आणि वाकवलेली टॅब पुढच्या भागाच्या आड येईल का. शेवटचे झाकण बंद करण्याच्या पायरीवर आतून हात जाणार नाही, हे आधी कळले तर त्या टॅब राखून ठेवता येतात.

पक्की करण्याची पद्धत

भाग बसला की टॅब लगेच काटकोनात आणू नये. आधी सगळ्या टॅब खाचेतून बाहेर आलेल्या आहेत याची खात्री करावी आणि मग प्रत्येक टॅब साधारण २० ते ३० अंश कलवावी. एवढ्या कलाने भाग हातात धरून फिरवण्याइतका टिकतो. मॉडेल सगळ्या बाजूंनी पाहावे, चित्राशी ताडावे, पुढचा भाग त्यावर टेकवून पाहावा. चूक आढळली तर इतका कल सरळ करणे धातूला झेपते, कारण त्या जागी ताण पूर्ण काटकोनाच्या मानाने थोडाच झालेला असतो. सारे बरोबर असेल तर त्याच दिशेने पुढे जाऊन टॅब खाली आणावी. ज्या जोडावर ताण राहणार आहे, म्हणजे विशेषतः गोल भागाची टोके जुळतात त्या शिवणीवर, मधल्या टॅबपासून सुरुवात करून टोकांकडे जावे, म्हणजे जोर एका टॅबवर न पडता वाटला जातो.

कोणत्या बाजूला वाकवायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने फरक पडतो. ओवताना टॅब किंचित एका बाजूला झुकली असेल तर त्याच बाजूला वाकवावी. उलट बाजूला नेल्यास एक फेरा फुकट जातो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर खाचेपासून कडेचे अंतर ज्या बाजूला जास्त आहे त्या बाजूला टॅब वाकवावी.

प्रत्यक्ष वाकवताना दोन्ही भाग समोरून बोटाने एकमेकांवर घट्ट दाबून धरावेत, टॅब मुळाजवळ पक्कडीत धरून किंचित ओढावी आणि त्याच हालचालीत कलवावी. ओढल्यामुळे फट मिटते आणि वाक मुळाशी पडतो. टॅब खाली आल्यावर चिमट्याच्या पाठीने हलका दाब द्यावा, पण ती पृष्ठभागाला चिकटेपर्यंत दाबू नये. टॅब आणि पत्रा यांमध्ये पाचदहा अंशांचा उघडा कोन राहिला तरी पकड कमी होत नाही; उलट पूर्ण चपटी केली की आतली त्रिज्या नाहीशी होऊन ताण एकदम वाढतो. आतून दिसणारी टॅब सपाट असावी हा आग्रह केवळ दिसण्याचा आहे, आणि ज्या बाजूला कोणी पाहणारच नाही तिथे तो धरू नये.

पिळण्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. सूचनापत्रात कोणती टॅब वाकवायची आणि कोणती पिळायची हे वेगळ्या चिन्हांनी दाखवलेले असते, आणि जिथे वाकवलेली टॅब पुढच्या भागाच्या आड येते तिथे पिळणे खरोखरच आवश्यक असते. पण काही जण सर्व टॅब पिळतात, कारण जोड पटकन घट्ट झाल्यासारखा वाटतो. पिळताना सगळी विकृती टॅबच्या मुळाजवळच्या फार थोड्या लांबीत सामावते, आणि ती लांबी जितकी कमी तितका धातूवरचा ताण अधिक. टॅब खाचेतून परत निघू नये एवढाच हेतू असेल तर ४५ अंश पुरेसे असतात. १ मिलिमीटर रुंदीची टॅब तेवढी फिरली की जेमतेम पत्र्याच्या जाडीएवढ्या खाचेतून ती मागे येऊ शकत नाही. पूर्ण ९० अंशांपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. पक्कड टॅबच्या अगदी मुळाशी टेकवून न धरता किंचित वर धरली तर पिळ थोड्या अधिक लांबीत पसरतो. एकदा पिळलेली टॅब उलट फिरवून सोडवण्याचा विचार मात्र करू नये; ती जवळपास नेहमीच तुटते.

कडक झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करता येतो, हे खरे आहे, आणि म्हणून काही जणांना हा उपाय सुचतो. तो येथे लागू पडत नाही. पितळ मऊ होण्यासाठी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि एवढ्यात रंग जळतो, चकाकी जाते आणि पातळ पत्रा वेडावाकडा होतो. नेहमीच्या वापरातील ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला तर १००० अंशांहून अधिक तापमान लागते. भाग काही दिवस तसाच ठेवल्याने त्यातला कडकपणा निघून जाईल, अशी समजूतही काही जणांची असते. सामान्य तापमानाला तसे होत नाही.

तुटलीच तर

सर्वप्रथम पाहावे की त्या टॅबची गरज आहे का. चार टॅबनी धरलेल्या सपाट भागाची एक टॅब गेली आणि उरलेल्या तीन वेगवेगळ्या बाजूंना असल्या, तर काहीच न करणे हा योग्य निर्णय असतो. पुढच्या पायरीत तोच भाग दुसऱ्या भागाने आपोआप दाबला जाणार असेल तर दुरुस्ती अनावश्यक आहे. दुरुस्ती हवी ती ताण सोसणाऱ्या शिवणीवर, दोनच टॅब असलेल्या भागावर आणि लांब बाहेर आलेल्या नाजूक भागावर.

सुपरग्लू लगेच हाती घेणे सोपे आहे, पण त्याचे गुण नीट समजून घ्यावेत. तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकण्याला चांगला विरोध करतो, पण सोलल्यासारख्या किंवा झटक्याच्या जोराला तो कमकुवत असतो. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांना चिकटवल्या तर ०.२ मिलिमीटर जाडीची कड म्हणजे चिकटण्यासाठी जवळपास काहीच क्षेत्र नाही, आणि असा जोड पहिल्याच धक्क्याला सुटतो. म्हणून क्षेत्र वाढवावे लागते. चौकटीतून दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापावी, ती काटकोनात एकदाच वाकवावी आणि कंसासारखी आतल्या बाजूने दोन्ही भागांवर चिकटवावी. हा माझा सर्वांत आवडता उपाय आहे, कारण धातू तोच असतो, बाहेरून काही दिसत नाही आणि मूळ टॅबपेक्षा हा जोड बहुधा अधिक भक्कम होतो. त्यासाठी मॉडेल पूर्ण होईपर्यंत एकही चौकट फेकू नये.

चिकटवण्याआधी दोन्ही जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोटांचे तेल काढावे. जेल स्वरूपाचा सुपरग्लू घ्यावा आणि सुईच्या टोकावर येईल तेवढाच लावावा. पातळ प्रकार खाचेतून वाहत समोरच्या बाजूला येतो. या गोंदाची वाफ जवळच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरट थर धरते, आणि पोकळ मॉडेल लगेच बंद केले तर ती आतच कोंडून खाचांमधून बाहेर पडते. गोंद कमी वापरावा, हवा खेळती ठेवावी आणि भाग दुसऱ्या दिवशी बंद करावा. चुकून लागलेला गोंद ॲसिटोनने निघतो, पण ॲसिटोन छापलेला रंगही काढू शकतो, त्यामुळे रंगीत पत्र्यावर तो आधी चौकटीवर लावून पाहावा. जिथे उसळीचा जोर सतत राहणार आहे तिथे सुपरग्लूऐवजी दोन घटकांचे इपॉक्सी वापरावे आणि ते पूर्ण घट्ट होईपर्यंत शिवण धाग्याने किंवा टेपने बांधून ठेवावी.

उकललेल्या घडीसाठीही आतून पट्टीच लावावी, मात्र घडीच्या कोनाइतकी वाकवून. खाचेची कड फाटली असेल तर फाटलेल्या पट्टीला जागेवर आणून मागे पातळ पट्टी चिकटवावी. टॅबला जायला वाट राहील इतकी जागा मात्र सोडावी, आणि गोंद पक्का होईपर्यंत त्या खाचेत टॅब घालू नये.

न रंगवलेल्या पितळी पत्र्यावर डाग देणे, म्हणजे सोल्डर करणे, हा टिकाऊ मार्ग आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे पितळ मऊ होण्याच्या तापमानाच्या बराच खाली, त्यामुळे भागाचा आकार सहसा बिघडत नाही. फक्त शेजारचा आधी केलेला डाग सुटू नये म्हणून तिथे ओला कापूस किंवा धातूची क्लिप लावावी, खोली हवेशीर ठेवावी आणि फ्लक्सचा, म्हणजे डाग धरावा म्हणून लावलेल्या रसायनाचा, अंश धुऊन काढावा. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर असतो, तो सोडवायला तीव्र आम्लाचे फ्लक्स लागते आणि त्याच्या खुणा समोरच्या चकाकीवर कायमच्या उमटू शकतात. स्टीलच्या मॉडेलला म्हणून मी इपॉक्सी आणि चौकटीची पट्टी हीच जोडी सुचवतो, आणि तीही आतल्या बाजूला हात पोहोचतो आहे तोवर, म्हणजे झाकण बसवण्याच्या आधीच्या पायरीवर.